गाडी खाली आनजा

धान कापणीला आलं की बालाघाटच्या हवेला एक वास सुटतो. ओल्या तणसाचा, राईस मिलमधून उडणाऱ्या कोंड्याचा, आणि त्या दोन्हींच्या आड दबून राहिलेला नदीचा. सकाळी धुकं असं दाटतं की समोरच्या घरापुढे लावलेली मोटरसायकल दिसत नाही, फक्त तिचा आरसा दिसतो, हवेत टांगल्यासारखा. या दिवसांत मी सकाळचं बाहेर पडणं टाळतो. कोणी विचारलं तर सर्दीचं कारण सांगतो. सर्दी हा सभ्य आजार आहे, तिच्याबद्दल पुढे कोणी विचारत नाही.

परवा अशाच एका सकाळी सायलीचा फोन आला. सायली माझी भाची, नागपूरला असते, तिशी ओलांडलेली, स्वतःची मोटरसायकल बाळगून आहे. तिच्यासारख्या पंधराजणांचा एक क्लब आहे आणि तो क्लब या रविवारी कान्ह्याला निघणार आहे. नागपुरात कोणी पाहुणे त्यांना हिरवी झेंडी दाखवणार, नारळ फुटणार, हार पडणार, आणि मग सगळे मिळून पहिल्याच पेट्रोल पंपावर थांबणार. वाटेत हट्टा गावच्या जुन्या बावडीवर फोटो आणि आमच्याकडे चहा. सोबत न्यायच्या वस्तूंची यादी तिने मला पाठवली. यादीचं नाव 'अत्यावश्यक' आणि वस्तू सत्तावीस. गुडघ्यांची चिलखतं, हेल्मेटवर बसवायचा कॅमेरा, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, हवा भरायचा बॅटरीचा पंप. कानात घालायचे बोळेही होते. ज्या गाडीचा आवाज साऱ्या गावाने ऐकावा म्हणून ती घेतली, तिचा आवाज आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून.

"मामा, तुम्ही इतकी वर्षं जंगलात गाडी चालवली," ती म्हणाली. "यात काही राहिलंय का, बघून सांगा ना."

बघून सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.

माझी नोकरी मलेरिया विभागात लॅब टेक्निशियनची. माणसांच्या बोटाला टोचायचं, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, तो रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचा. लांजीच्या पलीकडच्या जंगलपट्टीत एका आरोग्य केंद्रावर मी बरीच वर्षं होतो, तिथेच मागच्या खोलीत राहायचो, आणि शनिवारी बालाघाटला घरी यायचो. शंभर सीसीची गाडी होती. रंग कोणता होता हे कागदपत्रांवरूनच कळायचं.

आमच्या विभागाचंही एक परिपत्रक होतं, फिरतीवर काय काय जवळ बाळगावं याचं. त्यात टॉर्च, रेनकोट, प्रथमोपचार पेटी आणि एक शिट्टी होती. अस्वल समोर आलं तर ती शिट्टी वाजवायची की गिळून टाकायची, यावर आमच्या ऑफिसात दोन तट होते. प्रत्यक्षात मी नेत होतो ते वेगळंच. एक जास्तीचा प्लग आणि प्लगचा पाना. जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, ज्यांनी काहीही बांधता येतं. थंडीत स्वेटरच्या आत, छातीवर पसरायला, कालचं वर्तमानपत्र. अग्रलेखाने ऊब मिळाल्याचा तो एकमेव अनुभव. आणि तंबाखूची पुडी. मी तंबाखू खात नाही, पण रस्ता विचारण्याआधी ती पुढे केली की माणूस खरा रस्ता सांगतो.

या सामानात एका गोष्टीची भर दामूभाऊने सुचवली होती.

दामूभाऊ आमचा त्या भागातला फील्ड वर्कर. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, सडपातळ, कानात खोचलेला विडीचा तुकडा. टेकडीवरच्या एका गावात राहायचा आणि आजूबाजूच्या नऊ गावांतला ताप त्याला तोंडपाठ होता. गावाचं नाव सांगत नाही; सांगून नकाशात सापडायचं नाही. मी नवा होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला होता, "सर, एकटे जात असान तं मांगं काहीतरी बांधत जा. पोतं म्हना, पेंढी म्हना. शीट मोकळी नोका ठेवू."

"काहून?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. थोडं चिडवायलाच.

"कापनीचे दिवस आहेत. मोकळ्या जागेवर कोनीबी बसते."

त्या रस्त्यावरचे लोक खरोखरच तसं करत. एकटा माणूस असेल तर मागे धानाची एखादी पेंढी, गोणपाटात गुंडाळलेला दगड, काही नाही तर विळा तरी दोरीने बांधलेला. मी त्याला शास्त्र समजावलं. मुरमाच्या रस्त्यावर मागच्या चाकावर वजन असलं की चाक सरकत नाही, म्हणून जुन्या लोकांनी ही पद्धत पाडली असणार. दामूभाऊने शांतपणे ऐकून घेतलं.

"हौ," तो म्हणाला. "तसंबी आहे."

माझ्यापुरता प्रश्नच नव्हता. माझ्या मागे कायमच दोन पत्र्याच्या पेट्या बांधलेल्या असत. एकीत काचपट्ट्या, दुसरीत औषध लावलेल्या मच्छरदाण्या.

आमच्या घरच्या मराठीबद्दल इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. माझे आजोबा कारकून म्हणून बालाघाटला आले. वडील सरकारी नोकरीत, मी सरकारी नोकरीत. तीन पिढ्या बाहेर हिंदी बोलून आम्ही घरात शुद्ध मराठी अशी जपली, जशी लोक चांदीची भांडी जपतात. वापरायची कमी, पुसायची जास्त. शहरातल्या मराठी मंडळाचा मी काही वर्षं कार्यवाहही होतो. दरवर्षी भाषा टिकली पाहिजे अशी भाषणं व्हायची आणि त्यांची पत्रिका हिंदी छापखान्यात छापली जायची, तिच्यात 'भाषा'चा 'भ' तेवढा बरोबर असे. दुसऱ्यांच्या या थाटाला मी मनसोक्त हसलो आहे. स्वतःचा थाट मात्र मला दिसला नाही.

मी दामूभाऊला सुधारायचो. मोटरसायकलवर, झाडाखाली, लोकांच्या बोटांतून रक्त काढता काढता. मले नाही, मला. काहून नाही, का. खाल्ते नाही, खाली.

"हौ सर. खाली," तो म्हणायचा, आणि गालातल्या गालात हसायचा. ते हसू शिष्याचं आहे असं मला वाटे.

ज्या हंगामाबद्दल मी बोलतो आहे त्या हंगामात पाऊस लांबला होता आणि ताप त्याच्या मागोमाग आला होता. दिवसभर लोक धानाच्या बांध्यांमध्ये वाकलेले असत, संध्याकाळी अंगात थंडी भरून घरी येत. कापलेल्या धानाच्या कडपा ओळीने पसरलेल्या, त्यांवर दव. शेताशेतात धानाचे पुंजणे रचलेले. दिवसा ते पुंजणेच दिसतात. सकाळच्या धुक्यात ते पुंजणे राहत नाहीत. बांधावर कोणी उकिडवं बसलं आहे, अंगावर घोंगडी ओढून, तुम्ही जवळ येण्याची वाट पाहत, असं वाटतं. तुम्ही जवळ जाता तेव्हा तो पुंजणा होतो. पण मागे पडला की पुन्हा बसतो.

डोक्यावर भारा घेतलेली माणसं समोरून येत. धुक्यात त्यांची तोंडं दिसत नसत, धानाच्या लोंब्यांच्या झिपऱ्यांआड दोन पाय चालत येताना दिसत. हॉर्न वाजवला की पाय थांबत. बैलाच्या गळ्यातली घंटा डावीकडे वाजे आणि गाडी उजवीकडून निघे. मी शिकलेला माणूस, मला धुकं म्हणजे काय ते ठाऊक होतं. पाण्याचे थेंब. तरी हॉर्न जरा जास्तच वाजवायचो.

दामूभाऊच्या गावात देवकी नावाची एक बाई होती. बावीस-तेवीसची, सातवा महिना, पहिलंच. पोटावर पदर खोचून ती कापणीला जात होती, कारण त्या दिवसांत घरात बसलेलं माणूस मोजायलाही सापडत नाही. ताप आल्याचं दामूभाऊला कळलं तेव्हा दोन दिवस झाले होते. त्याने तिच्या बोटाची पट्टी घेतली आणि संध्याकाळी माझ्याकडे पोहोचवली. सासू म्हणाली होती, "अरे कटाईत सगळ्याइचंच आंग दुखते. तुमी लोकं बोट टोचून आनखी दुखवता."

सकाळी उजाडताच मी ती पट्टी पाहिली. त्या तापाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर दिसतात, हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. फिकट गुलाबी पेशींत जांभळ्या नाजूक अंगठ्या. तिच्या रक्तात त्या मोजता येत नव्हत्या. एकेका पेशीत दोन दोन.

दामूभाऊला फोन लावला. त्याच्या गावात फोन लागायचा तो एकाच ठिकाणी, शाळेच्या मागच्या कातळावर. सुदैवाने तो तिथेच उभा होता, मलाच लावत.

"सर, पहाटपासून बडबडून राह्यली ते. नवऱ्याले वळखत नाही."

तिला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं होतं. ॲम्ब्युलन्स येण्यासारखी नव्हती. पावसात वाटेवरचा लहान पूल खचला होता आणि त्याच्या कडेने फक्त मोटरसायकल निघत असे. मी येतो म्हणालो. आवाज तुटायला लागला. खरखरीतून एवढंच आलं:

"सर... गाडी खाली आनजा."

आणि फोन गेला.

केंद्रापासून त्या गावापर्यंत चौदा किलोमीटर. गावाच्या अलीकडे कवह्याचं एक झाड आहे, त्याच्यापाशी वाट फुटते. एक वर गावात जाते, दगडगोट्यांची, चढाची; मागच्याच आठवड्यात मी तिथे गाडीसकट आडवा झालो होतो आणि गावाने ते पाहिलं होतं. दुसरी खाली नदीच्या घाटावर उतरते. रुंद बैलगाडीची वाट, गावातूनही तिथवर थेट येते. मी मनात जुळवलं. चढावर मी पुन्हा पडेन, म्हणून ते तिला खाटेवर घालून नदीवर आणणार, आणि मी गाडी तिथे खाली न्यायची.

आणि खरं सांगायचं तर त्या घाईतही मला बरं वाटलं. खाल्ते नाही म्हणाला तो. खाली म्हणाला. शिकला शेवटी.

मी नदीवर उतरलो.

घाटावर कोणी नव्हतं. येतील. गाडी वाळूत स्टँडवर लावली. मागच्या दोन्ही पेट्या सोडून धुण्याच्या दगडावर ठेवल्या, म्हणजे बाईला बसायला जागा होईल. सीट दवाने भिजली होती, रुमालाने कोरडी केली. मग गाडीवर पुढे बसून राहिलो, नदीकडे तोंड करून. नदी दिसत नव्हती. आवाज होता तिचा, अगदी पायाशी.

पलीकडच्या काठावर कोणी कपडे धूत होतं. धप, धप, दगडावर. मी ओरडून विचारलं, "गावातून खाट येताना दिसली का?" धोपटणं थांबलं. उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने धोपटणं पुन्हा सुरू झालं, या वेळी डावीकडे, अलीकडच्या काठावर वाटावं इतकं जवळ. धुक्यात आवाज फसवतो, हे मी वाचलं आहे. वाचलेलं त्या वेळी आठवलंही. आठवून उपयोग झाला नाही.

किती वेळ गेला ते नंतर कळलं. जवळजवळ तास. तिथे तो वेळ एकाच तुकड्यासारखा होता, ज्याला पुढचं मागचं टोक नव्हतं. गाडीचं इंजिन गार होताना टिक टिक करतं, तेही थांबलं होतं.

तेव्हा गाडी मागून दबली.

फार नाही. शॉकअपमधून हलकासा चर्र आवाज आला आणि सीट किंचित खाली गेली. धानाची एक पेंढी ठेवावी तेवढीच. मला वाटलं, आले. धुक्यात पावलं ऐकू आली नसतील, आणि आता ते तिला बसवत आहेत. बाई गाडीवर बसत असताना वळून पाहायचं नाही, समोर बघायचं, हा आमच्या घरचा शिष्टाचार. मी समोर बघत राहिलो.

"नीट बसलात?" मी म्हणालो. "घट्ट धरा."

माझा स्वेटर मागून धरला गेला. कमरेच्या वर, एका बाजूला. लोकरीला लहानसा चिमटा बसावा तसा. मोठ्या माणसाची मूठ अशी बसत नाही.

"दामूभाऊ, निघायचं?"

कोणी बोललं नाही. मी आणखी थोडं थांबलो. मग वळलो.

सीटवर कोणी नव्हतं. घाटावर कोणी नव्हतं. दगडावर माझ्या दोन पेट्या होत्या.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझ्याजवळ उत्तरं आहेत. स्टँड वाळूत रुतला, म्हणून गाडी दबली. पेट्या बांधायचा लोखंडी हूक सीटला लटकत होता, त्यात स्वेटरची वीण अडकली. ही उत्तरं चांगली आहेत. मी स्वतः दुसऱ्याला हीच दिली असती.

तेवढ्यात वरून, गावाच्या बाजूने हाक आली. "सर हो..." दामूभाऊचा आवाज. मी पेट्या तशाच टाकल्या, गाडी काढली आणि कवह्यापाशी येऊन चढाला लागलो. त्या चढावर माझं मागचं चाक हटकून सरकायचं. त्या दिवशी सरकलं नाही. मागे वजन असल्यासारखी गाडी जमीन धरून चढली.

दामूभाऊ वाटेतच उभा होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे.

"कुठी होते सर? तासभर झाला."

"नदीवर. तुम्हीच म्हणालात ना, गाडी खाली आणा."

तो म्हणाला, "खाली म्हनलं. खाली. पेट्यागिट्या सोडून या म्हनलं, तिले मधात बसवून मी मांगून धरतो." एवढं बोलून तो वळला. "चला. लवकर."

देवकी अंगणात खाटेवर होती, अंगावर दोन गोधड्या आणि तरी हलत होती. डोळे उघडे होते, पण त्यांत आम्ही नव्हतो. तिचा नवरा परसराम तिचे पाय धरून बसला होता. सासू आज बोटाबद्दल काही बोलली नाही. मी पुढे, मध्ये देवकी, मागे दामूभाऊ दोन्ही हातांनी तिला कवेत धरून, असे आम्ही निघालो. तिचं तापलेलं कपाळ माझ्या पाठीवर टेकलेलं होतं, स्वेटरच्या आरपार भाजत होतं. ती सारखी काहीतरी पुटपुटत होती. गाडीच्या आवाजात एकच शब्द मला पुन्हा पुन्हा ऐकू आला. "धरलं." कशाला धरलं, कोणाला, ते कळलं नाही.

दवाखान्यात त्यांनी तिला लगेच घेतलं, जे करायचं ते सगळं केलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. धुकं उठलं होतं आणि लख्ख, निर्लज्ज ऊन पडलं होतं. दामूभाऊने कानातला विडीचा तुकडा काढला, पाहिला, पुन्हा ठेवला.

"सर," तो म्हणाला, "मोकळ्याले आमी खाली म्हनतो. अन् खालच्या बाजूले खाल्ते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हनून दोन शब्द आहेत."

रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. एखाद्याला प्लग कसा साफ करायचा ते सांगावं, तसं सांगितलं त्याने.

"तुमच्या भाषेत एकच आहे," तो म्हणाला. "त्यालेबी काही इलाज नाही."

दुपारी देवकी शुद्धीवर यायला लागली. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. ती वाचेल, म्हणाले. पोटातलं मात्र गेलं होतं. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, एक तास आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, तासाभराने काही फरक पडला नसता. डॉक्टर चांगला माणूस होता.

"मुलगी होती," दामूभाऊने परसरामला सांगितलं. उशीर का झाला असं कोणी विचारलं तेव्हा तोच म्हणाला, "फोन लागून नाही राह्यला होता." मी तिथे उभा होतो. मी काही बोललो नाही.

मग एकदा, माझ्याकडे न पाहता, त्याने मला विचारलं, "सर, चढावर तुमच्यासंगं कोन होतं?"

"कोणी नाही."

"हौ," तो म्हणाला.

अकरा दिवसांनी देवकीला घरी सोडलं. बस तिला आणि परसरामला मोठ्या रस्त्यावर उतरवणार होती, तिथून गाव सात किलोमीटर आत. मी गाडी घेऊन फाट्यावर जाऊन थांबलो. या वेळी गाडी रिकामी होती, मला कोणी सांगायची गरज नव्हती. तिला सांगायचं असं मी ठरवलं होतं. अकरा दिवस मी वाक्य जुळवत होतो, आणि शुद्ध मराठीत ते इतकं चांगलं जुळलं होतं की मलाच त्याची शरम वाटत होती.

परसराम गाठोडं डोक्यावर घेऊन शेतातल्या पायवाटेने निघाला, तिकडून जवळ पडतं. देवकी माझ्या मागे बसली. सकाळ होती आणि धुकं होतं, पण विरळ, पलीकडचं शेत दिसत होतं. कापणी संपली होती. खळ्यांवर मळणी चालली होती, हवेत धुळीबरोबर तूस उडत होतं, ओठांवर बसत होतं. कवह्याच्या झाडापाशी मी गाडी थांबवली. जुळवलेलं वाक्य आलं नाही.

"देवकीबाई, त्या दिवशी मी इथून नदीकडे गेलो. चुकून. तुमच्याकडे यायला मला तासभर उशीर झाला. फोन लागत नव्हता, हे खोटं आहे."

"मालूम आहे मले."

"दामूभाऊने सांगितलं?"

"नाही."

माझ्या पेट्या दोन दिवस घाटावर पडून होत्या. धुण्याला गेलेल्या बायकांनी त्या पाहिल्या, गावात आणून दिल्या. वाळूत टायरचे माग होते. साऱ्या गावाला ठाऊक असणार, तिला भेटायला आलेल्या कोणीही सांगितलं असणार. मी हे सगळं त्याच क्षणी मनात मांडलं.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि उतरली.

नदीच्या वाटेने ती एकटीच गेली. अशक्त होती, जपून पाय टाकत होती. वळणावर दिसेनाशी झाली. मी मागे जावं की नाही हे मला कळेना, म्हणून गेलो नाही. पाण्याचा आवाज येत होता. कोणी कपडे धूत नव्हतं. मध्येच मला तिचं बोलणं ऐकू आल्यासारखं वाटलं, रागाचं नाही, रडण्याचंही नाही, घरात रोज बोलतो तसं. शब्द कळले नाहीत.

आली तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. ती गाडीवर बसली, आधी बसली होती त्याहून मागे, माझ्या आणि तिच्यामध्ये वीतभर जागा सोडून. परक्या पुरुषाच्या मागे बसताना बायका अशी जागा सोडतातच. येताना तिने सोडली नव्हती, अशक्तपणामुळे असेल. एका हाताने तिने मागची दांडी धरली होती. किक मारायला वाकलो तेव्हा मला तिचा दुसरा हात दिसला. तो त्या वीतभर जागेवर होता, सीटला न टेकता, बोटं किंचित वाकवून, कशाभोवती तरी धरल्यासारखा.

"हळू न्या," ती म्हणाली.

मी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीवर घासत चढ चढलो. एकेक दगड चुकवला. तिच्या घरापुढे पोहोचलो तोवर परसराम पायवाटेने येऊन, गाठोडं उतरवून, अंगणात उभा होता.

"गाडीवर एवढा टाइम काहून लागला?" त्याने विचारलं.

देवकी सावकाश उतरली.

"हळू आनलं सरनं," ती म्हणाली.